न जळलेला झगा

२६ फेब्रुवारी १९७८, रविवार. सकाळचे सहा. बोरभाटच्या कपेलासमोरची रांग केळीच्या तीन वाड्या ओलांडून मोठ्या रस्त्याला लागली होती. अर्नाळ्याच्या कोळणी पहिल्या एसटीने आल्या होत्या. कळंबहून एका म्हाताऱ्याला खाटेसकट बैलगाडीत घालून आणलं होतं. चंदनसारहून आलेलं कुटुंब ख्रिस्ती नव्हतं. त्यांनी नारळ आणला होता आणि तो कुठे फोडायचा हे त्यांना कोणी सांगू शकत नव्हतं.

कपेल म्हणजे गावाच्या क्रुसामागे बांधलेली प्रार्थनेची एक खोली. एका वेळी आठ माणसं मावतील एवढी. वेदीच्या उजव्या बाजूला काचेचं कपाट आणि त्यात लाकडी दांडीवर टांगलेला एक झगा. मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, वेळी फादर बाकीच्या कपड्यांवरून घालतात तो, बिनबाह्यांचा, लाल रेशमाचा, पाठीवर जरीचा क्रूस. या झग्याला घाम येत होता. जरीच्या क्रुसाच्या खालच्या टोकाला थेंब जमे, मोठा होई आणि खाली ठेवलेल्या पितळी ताटलीत पडे. पहाटे जास्त, दुपारी कमी. ताटलीतलं पाणी कापसाच्या बोळ्याने टिपून लोकांच्या कपाळाला लावत. ज्यांचा आजार मोठा त्यांच्या जिभेवर बोळा पिळत.

कपेलाबाहेर टेबलावर माइक होता आणि माइकसमोर आलोशियस. वय पंचेचाळीस. मिठागरावरचा मुकादम. मजुरांना बांधाच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशी हाक मारायची सवय असल्यामुळे त्याला खरं तर माइकची गरज नव्हती.

"घाम कशाने येतो?" आलोशियस रांगेला विचारत होता. "कष्टाने येतो. मग हा झगा कुठे कष्टायला गेला होता? तुमच्या पापांच्या शेतात, बाबांनो. तुम्ही झोपलात, तो राबला."

पाण्याची चव कडू लागते अशी तक्रार कोणी केली, तर औषध कधी गोड ऐकलंय का, असं तो विचारी. ज्यांनी बोळे जास्त पिळून घेतले त्यांना जुलाब झाले. त्यावरही त्याच्याकडे उत्तर होतं. आतली घाण बाहेर पडतेय, पडू द्या. डॉक्टरला एक सुई टोचायला पाच वर्षं शिकावं लागतं, तो म्हणे, हा झगा कोणत्या कॉलेजात गेला होता? रांग हसे. हसलेला माणूस रांग सोडून जात नाही, हे आलोशियसला मिठागरावर कळलं होतं.

कपेलात दानपेटी नव्हती. लोक ते एकमेकांना दाखवत. बघा, एक पैसा घेत नाही. आलोशियस मूळचा बोरभाटचा नव्हता. वीस वर्षं राहूनही सणाच्या मिरवणुकीत त्याला मागून चालावं लागे. या तीन आठवड्यांत गावातली सगळ्यात जुनी घराणी त्याला वाट देत होती. त्याला जे हवं होतं ते मिळालं होतं.

साडेसहाला त्याने रांगेतून एका माणसाला पुढे बोलावलं. फर्डिनंड, वय छत्तीस, याच गावचा बागायतदार. उजव्या पोटरीवर पट्टी.

"हा बघा फर्डिनंड. आठ दिवसांपूर्वी याला पिसाळलेल्या कुत्र्याने फाडलं. इंजेक्शनं किती सांगितली होती?"

"चौदा," फर्डिनंड म्हणाला.

"घेतलीस किती?"

"चार."

"आणि आज?"

"काय नाय होत. पायपण दुखत नाय."

रांगेच्या कडेला, रामफळाच्या झाडाखाली, फर्डिनंडची बायको क्लेमेंटीन उभी होती. आजूबाजूच्या बायांनी हात जोडले. तिने जोडले नाहीत. झग्याला घाम का येतो हे तिला ठाऊक होतं, कारण त्या घामाची सुरुवात तिच्या हातून झाली होती.

क्लेमेंटीन गावच्या चर्चचे मिस्सेचे कपडे सांभाळत असे. वेदीवरची कापडं धुणं, इस्त्री करणं, झग्यांची उसवलेली शिवण घालणं, सणाप्रमाणे रंग काढून ठेवणं. हुतात्म्यांच्या दिवशी लाल, उपवासकाळात जांभळा, एरवी हिरवा, नाताळ आणि ईस्टरला पांढरा. हे काम तिच्या सासूकडून तिच्याकडे आलं होतं आणि त्याबरोबर सासूचा एक नियमही. जरीच्या झग्याला पाणी लावायचं नाही. जरीची तार काळी पडते. ऊन नाही, साबण नाही, फक्त सावलीत वारा द्यायचा. ती हा नियम पंधरा वर्षं पाळत आली होती.

२२ जानेवारीला मिठागरावर मजुरांसाठी मिस्सा होती. हलके, नव्या पद्धतीचे झगे येऊन काही वर्षं झाली होती, पण मिठागरावरच्या मिस्सेला जुना लाल जरीचा झगा नेण्याची रीत होती. मिस्सा आटोपल्यावर क्लेमेंटीन झग्याचं बोचकं घेऊन बांधावरून परत येत होती. तिचा पाय घसरला. ती बांधाला धरून राहिली, बोचकं मात्र पाण्याच्या कोंडीत पडलं. ती मिठाची कोंडी नव्हती. मीठ ओढून घेतल्यावर जे तेलकट, कडू पाणी उरतं ते साठवण्याची होती. मागून येणारा आलोशियस धावला, त्याने हात दिला आणि बोचकं बाहेर काढलं.

त्या क्षणी झगा विहिरीच्या पाण्यात खळखळून धुतला असता तर पुढचं काही घडलं नसतं. पण जरीला पाणी लावायचं नाही. क्लेमेंटीनने बोचकं तसंच घरी नेलं, झगा सावलीत पसरला, आठ दिवस वारा दिला. तो नीट वाळला नाही. चिकट राहिला, रेशमावर पांढरे डाग आले. तिने तो कपाटात तळाशी ठेवला आणि कोणाला काही सांगितलं नाही. पंधरा वर्षांत पहिली चूक, तीही देवाच्या कपड्याची. आलोशियसही बोलला नाही. तिने मनातल्या मनात त्याचे आभार मानले होते.

फेब्रुवारीत उपवासकाळासाठी जांभळे कपडे काढताना फादर बर्नार्डना हा झगा दिसला. फादर बर्नार्ड साठीचे, मवाळ स्वभावाचे. त्यांनी झगा हातात घेतला आणि याचं आयुष्य संपलं असं ठरवलं. आशीर्वाद दिलेला कपडा जीर्ण झाला की तो फेकत नाहीत, चिंध्या करत नाहीत. जाळतात आणि राख पुरतात. राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी गेल्या वर्षीच्या, ईस्टरआधी आशीर्वाद दिलेल्या झावळ्या जाळायच्याच होत्या. बुधवारी लोकांच्या कपाळाला लावतात ती राख त्यांचीच. त्याच आगीच्या कडेला झगाही जाईल, फादर म्हणाले.

७ फेब्रुवारीला चर्चच्या अंगणात पन्नासेक माणसं जमली. बुधवारसाठीची राख वेगळी काढून घेतली आणि उरलेल्या झावळ्यांवर झगा ठेवला. झावळ्या सुकलेल्या होत्या. भडकल्या आणि पाच मिनिटांत संपल्या. धूर गेला तेव्हा झगा तसाच होता. कडा काळवंडल्या होत्या, अस्तराला एक भोक पडलं होतं. क्रूस शाबूत.

पन्नास माणसांत पहिला बोलला आलोशियस. "जळत नाही," तो म्हणाला. एवढंच. मग त्याने गुडघे टेकले आणि त्याच्यामागे अंगणाने टेकले.

फादर बर्नार्ड गांगरले. चौकशी होईपर्यंत कोणी काही बोलू नये, असं त्यांनी जाहीर केलं. वर बिशपांना पत्र लिहितो, उत्तर येऊ द्या. संध्याकाळपर्यंत गावात अर्थ पोचला तो असा की फादरांनी वर कळवलं आहे, म्हणजे त्यात काहीतरी आहे. झगा कपेलात ठेवण्याची परवानगी आलोशियसने मागितली. फादर नाही म्हणाले नाहीत. दोन दिवसांनी पहाटे कपेल झाडणाऱ्या बाईला झग्याखाली ओल दिसली.

क्लेमेंटीन हे सगळं बघत गप्प राहिली. लोकांना बरं वाटतंय तर वाटू दे, असं तिने स्वतःला समजावलं. कोणाचं काय बिघडतंय?

१८ फेब्रुवारीला बिघडलं. संध्याकाळी केळींना पाणी सोडताना एका तांबड्या कुत्र्याने फर्डिनंडच्या पोटरीचा लचका तोडला. कुत्र्याच्या तोंडाला फेस होता. गावकऱ्यांनी त्याला मारलं तोवर त्याने आणखी दोन म्हशींचा चावा घेतला होता. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, रोज एक, चौदा दिवस, पोटात. एकही चुकवायचं नाही.

ही इंजेक्शनं ज्याने घेतली आहेत त्याला ती सांगावी लागत नाहीत. बेंबीच्या आजूबाजूला लिंबाएवढ्या गाठी येतात. चौथ्या दिवशी फर्डिनंडला वाकता येईना. वाडीला पाणी कोण देणार? त्याच संध्याकाळी आलोशियस घरी आला, खाटेवर बसला आणि पायाला बोळा लावून गेला. पाचव्या दिवशी फर्डिनंड एसटीच्या थांब्याऐवजी कपेलाकडे चालू लागला.

क्लेमेंटीनने त्याला चार वेळा सांगितलं की दवाखाना सोडू नका. का सोडू नये ते मात्र सांगितलं नाही.

त्या रविवारी गर्दी ओसरल्यावर आलोशियसने तिला कपेलात बोलावलं. झग्याची खांद्यावरची शिवण उसवत होती, घालून दे म्हणाला. तिने झगा उतरवला आणि मांडीवर घेतला. जानेवारीतले डाग तिला पाठ होते. बोचकं बांधलेलं होतं, त्यामुळे ते घड्यांच्या रेघांवर आडवे पडले होते. आता अस्तरावर नवीन रेघा होत्या, उभ्या, दोन्ही खांद्यांपासून खाली आलेल्या. बाटलीने वरून काहीतरी ओतल्यासारख्या. बोट लावून तिने जिभेला लावलं. कडू.

"तुम्ही यात पाणी घालता," ती म्हणाली.

आलोशियसने दार लोटलं. तो रागावला नाही.

"आधी आपोआप येत होतं. मग कमी झालं. लोक इतक्या लांबून येतात, त्यांना काय सुकी ताटली दाखवायची?"

"माझा नवरा मरेल."

"मरायचा असता तर आठ दिवसांत मेला असता." मग आवाज खाली आणून, "मिठागरावर तुझा पाय घसरला तेव्हा हात कोणी दिला? मी गावात बोललो काय? फादरांना जाऊन सांगितलं काय, की तुमची क्लेमेंटीन देवाचा झगा कडू पाण्यात बुडवते? मी तुझं झाकलं. तू माझं झाक."

तिने शिवण पुरी केली, दोरा दातांनी तोडला आणि निघाली.

दुसऱ्या दिवशी ती शाळेतल्या एकनाथ सरांच्या घरी गेली. सर विज्ञान शिकवत. त्यांचे वडील आणि आजोबा मिठागरावर राबलेले. तिने सगळं सांगितलं. कोणाला तरी ती पहिल्यांदाच सांगत होती. सर बोलण्याआधी ओट्यावर सुकट निवडणारी त्यांची आई, रुक्मिणीबाई, बोलली.

"ते कडवं पानी हाय, बाय. तुमच्या फादरला इचारायचं काय त्यात? आमच्या घरातली मानसं त्याच्यात उभी राहून राहून गेली. त्यांची धोतरं कधी सुकली नाय आनि चुलीत टाकली तरी पेटली नाय. आमाला कोनी हात नाय जोडले."

सरांनी नंतर त्याचं शास्त्र सांगितलं. या पाण्यात मॅग्नेशियम क्लोराइड नावाचा क्षार असतो. साधं मीठ पावसाळ्यात बरणीत ओलं होतं, तसा हा बारा महिने ओला होतो. हवेतलं बाष्प ओढून घेतो. वसईच्या खाऱ्या हवेत रात्रभर एवढं ओढतो की पहाटे थेंब गळतात. क्षार मुरलेलं कापड आगीत टाकलं तर आधी त्यातलं पाणी उडावं लागतं, आणि झावळ्यांची आग तेवढा वेळ टिकत नाही. त्यात झगा रेशमी आणि जरीचा. रेशीम मुळातच सुतासारखं भडकत नाही. हाच क्षार पोटात गेला तर जुलाब होतात.

"एवढंच?" क्लेमेंटीनने विचारलं.

"एवढंच. पण हे मी सांगून चालणार नाही. मी तुमच्यातला नाही. उद्या म्हणतील, हिंदू मास्तर आमच्या देवावर उठला. तुम्हाला बोलावं लागेल."

तिने तीन रुमाल घेतले, एकाच पांढऱ्या कापडाचे. दोन मिठागरावरच्या त्या कोंडीत भिजवले आणि पाच दिवस सावलीत टांगले. उरलेला एक साध्या पाण्यात भिजवून वाळवला. दरम्यान ती एकटी दवाखान्यात जाऊन आली. डॉक्टर म्हणाले, सात दिवस तुटले आहेत, आता पहिल्यापासून सुरू करावी लागतील. उशीर झालाय पण वेळ गेलेली नाही. उद्या घेऊन या. इंजेक्शन बाटलीत घालून घरी देता येत नाही, माणूस आणावा लागतो.

तिने घरी येऊन निरोप सांगितला. फर्डिनंड हसला.

५ मार्चच्या रविवारी मिस्सा सुटल्यावर क्लेमेंटीन चर्चच्या पायरीवर उभी राहिली. फादर बर्नार्डना तिने आदल्या दिवशी कळवलं होतं. ते बाजूला उभे होते, हात मागे बांधून. अंगणात तीनशे माणसं असतील. फर्डिनंड पुढच्या ओळीत, आलोशियस त्याच्या शेजारी.

तिने जानेवारीपासूनचं सगळं सांगितलं. घसरलेला पाय, कोंडी, बोचकं, सासूचा नियम, स्वतःचं गप्प राहणं. आवाज फार मोठा नव्हता, मागच्यांनी पुढच्यांना विचारून घेतलं. मग एकनाथ सरांनी काडी पेटवली. साधा रुमाल पंधरा सेकंदांत राख झाला. दुसरा चिमट्याने धरून ज्योतीवर ठेवला. तो काळा पडला, धुरकटला आणि विझला. तिसरा रात्रभर चर्चच्या ओसरीत टांगलेला होता. तो तिने सगळ्यांसमोर पिळला. पायरीवर पाणी पडलं.

"हा रुमाल माझा आहे," ती म्हणाली. "याला कोणी आशीर्वाद दिलेला नाही. मी तो बाजारातून आणला. यालाही घाम येतो. आणि कपेलातला घाम कमी झाला की आलोशियस बाटलीने वरून पाणी ओततो, मी रेघा बघितल्यात. ज्यांनी औषधं बंद केलीत त्यांनी उद्या दवाखान्यात जा. माझ्या घरातल्यानेपण."

आलोशियसचा चेहरा पांढरा झाला होता. त्याच्याकडे बघून एकनाथ सरांना वाटलं, संपलं.

मग पुढच्या ओळीतून इनेझ नावाची एक म्हातारी काठी टेकत पायरीशी आली.

"क्लेमेंटीन, तो रुमाल मला देशील?"

"कशाला, मावशी?"

"माझ्या सुनेला मूल राहत नाय. झग्याची रांग मोठी असते. तुझ्या हातचा रुमालपण जळला नाय, त्यालापण पाणी सुटलं. देवाचा कपडा पंधरा वर्षं तुझ्या हातात होता, गो. हातातपण येतं ते."

कोणी हसलं नाही. दोन बाया पुढे झाल्या. एकीने पायरीवर सांडलेलं पाणी पदराने टिपून घेतलं. क्लेमेंटीनने रुमाल मुठीत आवळला आणि ओरडून सांगितलं की हे कडू पाणी आहे, मिठागरावर हवं तेवढं मिळतं, जा आणि भरून आणा.

तिथे आलोशियसला आवाज सापडला. "ऐकलंत?" तो म्हणाला. "हवं तेवढं मिळतं. देव आपल्याला कधीपासून देत होता, आपल्याला दिसलं नाही."

फादर बर्नार्डनी हात वर केला. उत्तर येईपर्यंत कपेल बंद राहील, असं ते म्हणाले. कपेल बंद राहिलं, बुधवारपर्यंत. झगा काय आहे हे फादरांना त्या दिवशी कळलं होतं. ते त्यांनी व्यासपीठावरून, स्वतःच्या तोंडाने, एकदा सांगितलं असतं तर किती लोकांनी ऐकलं असतं, हे आता सांगता येणार नाही. त्यांनी सांगितलं नाही. गावात दोन तट पडतील, याची त्यांना भीती होती.

त्या दुपारी फर्डिनंड जेवला नाही. क्लेमेंटीनने पाट घेतला आणि त्याच्यासमोर बसली.

"उद्या पहिली एसटी. मी येते बरोबर. चौदाच्या चौदा दिवस येते. वाडीला पाणी मी घालीन."

"जानेवारीपासून तू माझ्याशी खोटं बोललीस," तो म्हणाला.

"खोटं नाय. गप्प राहिले."

"तेच. मी रोज त्या झग्यासमोर गुडघे टेकत होतो आणि तू माझ्या पाठीमागे उभी राहून बघत होतीस. तुला हसू येत होतं काय?"

"नाय."

"आज सांगतेस ते खरं, हे मी कशावरून धरू? काल खरी नव्हतीस, आज झालीस?"

"रुमाल बघितलात ना डोळ्यांनी?"

"बघितला. झगापण डोळ्यांनीच बघितला होता." तो उठला. "गावासमोर माझा गाढव केलास. 'माझ्या घरातल्यानेपण.' उद्या मी एसटीत चढलो तर रस्त्यावरची पोरं बोटं दाखवतील. नाय जायचं मला."

ती पाया पडली. रडली. नंतर भावाला बोलावून आणलं. भाऊ अर्धा तास बोलला आणि चहा पिऊन गेला. एकनाथ सर आले, त्यांना फर्डिनंडने ओसरीवरूनच परत पाठवलं. डॉक्टरांनी एका कंपाउंडरबरोबर चिठ्ठी धाडली. ती फर्डिनंडने वाचली आणि खिशात ठेवली. पायाची जखम भरली होती. त्याचा त्याला फार मोठा आधार होता.

पिसाळलेल्या कुत्र्याचं विष जखमेत राहत नाही. ते नसांतून मेंदूकडे चालत जातं, हळू, रोज थोडं. कधी तीन आठवडे लागतात, कधी तीन महिने. तोवर माणूस जेवतो, झोपतो, वाडीला पाणी घालतो. म्हणून आठ दिवसांत काही झालं नाही याचा अर्थ काही होणार नाही असा नसतो. ही एवढी एक गोष्ट बोरभाटच्या चावडीवर लिहून ठेवली असती तरी पुरे होतं.

ईस्टर २६ मार्चला झाला. फर्डिनंडने नवा शर्ट घातला होता. ४ एप्रिलला त्याच्या भरलेल्या जखमेला मुंग्या आल्या. ६ एप्रिलला सकाळी क्लेमेंटीनने चहा दिला आणि कप तोंडाशी नेताच त्याचा गळा आवळला. त्याने पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. मग पाण्याचा तांब्या बघून तो भिंतीला जाऊन टेकला. दाराची झुळूक अंगावर आली तरी तो थरथरे. डॉक्टर आले, बघितलं आणि क्लेमेंटीनला बाहेर बोलावलं. आता इंजेक्शनांचा उपयोग नव्हता. कशाचाच नव्हता.

शुद्धीत होता तेवढ्या वेळात तो तिला एकदाच बोलला. डॉक्टरांची ती चिठ्ठी खिशात आहे, म्हणाला. बघ, मी फाडली नाय.

९ एप्रिलला, रविवारी दुपारी, तो गेला. वय छत्तीस.

अंत्यविधीला फादर बर्नार्डनी जांभळा झगा घातला. त्याला इस्त्री क्लेमेंटीननेच केली होती. ती करणारं गावात दुसरं कोणी नव्हतं. कबरस्तानातून परतताना आलोशियस लोकांशी हळू आवाजात बोलत होता. त्या दिवशी त्याला माइक लागला नाही. फर्डिनंड पाच मार्चपर्यंत ठणठणीत होता, तो म्हणाला. इंजेक्शनं सोडल्यापासून अकरा दिवस झग्याने त्याला धरून ठेवलं होतं. पाच मार्चला त्याच्या बायकोने त्याचा विश्वास मोडला. तारखा बघा.

लोकांनी तारखा बघितल्या. त्या बरोबर होत्या.

मे महिन्यात क्लेमेंटीनकडून मिस्सेच्या कपड्यांचं काम काढून घेतलं गेलं. कोणी वाईट बोललं नाही. फादरांनी तिला आराम करायला सांगितलं. रस्त्यात काही बाया तिला बघून वाट बदलत आणि काही जणी, अंधार पडताना, मागल्या दाराने येऊन एखादा रुमाल मागत. कपेलातला झगा जूनपर्यंत टिकला. मग रेशीम कुजून तो दांडीवरून आपोआप खाली आला. आलोशियसने त्याचे बोटभर तुकडे केले. आशीर्वादाच्या कपड्याच्या चिंध्या करत नाहीत, हा नियम तेव्हा कोणाला आठवला नाही. ते तुकडे आजही काही घरांत तान्ह्या मुलांच्या उशाखाली आहेत.

या गोष्टीत गूढ काही उरलेलं नाही. झगा कडू पाण्यात पडला होता, म्हणून जळला नाही. त्या पाण्यातल्या क्षाराने हवेतलं पाणी ओढलं, म्हणून त्याला घाम आला. घाम आटला तेव्हा एका माणसाने बाटलीने तो परत आणला. मिस्सेचा झगा मानाचा असतो. तो घालणारा स्वतःचं नाव बाजूला ठेवून उभा राहतो, यासाठी त्याला मान. पण तो कापड आहे. त्याच्याकडून औषधाचं काम मागणं हा त्याचाही मान नव्हे.

हे वाचून ज्याला पटेल त्याच्यासाठी सांगण्यासारखं फार नाही. कुत्रा चावला तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली, बराच वेळ धुवा. त्याच दिवशी दवाखान्यात जा. डॉक्टर सांगतील तेवढी इंजेक्शनं घ्या, आता ती पोटात नाही, दंडात देतात, दंड दुखला तरी घ्या, पाय बरा वाटला तरी घ्या. घरात कोणाला खरं ठाऊक असेल तर त्याने ते पहिल्याच दिवशी बोलावं. नंतर बोललेलं खरंही खोट्यासारखं ऐकू येतं.

आणि ज्याला पटणार नाही, त्याला अडवता येत नाही. मिठागरं वसईत पुष्कळ आहेत. त्याने एक रुमाल त्या पाण्यात भिजवावा, वाळवावा, काडी लावून बघावी. रुमाल जळणार नाही. त्याने कोणाचं दुखणं बरं होतं का, तेही खुशाल बघावं. फक्त आधी इंजेक्शन घेऊन यावं, मग बघावं.